टेकडीवरची मरियामाता

सलूनमध्ये फादरांची दाढी करताना बाबांची जीभ वस्तऱ्याहून जोरात चालायची. टेकडीवर मरियामाता दिसते असं फादर सांगत सुटले, म्हणून बिशपांनी त्यांची चर्चमधली मिस्सा-प्रार्थना बंद केली. गावानंही तोंड फिरवलं. “मिस्सा बंद झालीये, दाढी नाही,” म्हणत बाबा त्यांना खुर्चीत बसवायचे. त्या शनिवारीही बाकावरचं गिऱ्हाईक फिसकन हसलं, तसे बाबा उसळले, “अहो, माझ्या लेकीनं लहानपणी माझ्यासोबत पाहिलीये माता! पोर खोटं बोलेल?” माहेरी आलेली लेक नेहमीसारखीच खाली पडलेले केस झाडत राहिली. पहाटे बाबा झोपेतच गेले. शवपेटी बंद होण्याआधी ती वाकली. शेजारी उभ्या फादरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, टेकडीवर मला काहीच दिसलं नव्हतं. नुसता तुमच्या केसांतला साबणाचा वास येत होता. नाही म्हटलं असतं, तर तुम्ही मला खांद्यावरून उतरवलं असतं.”