पडद्याखालची अक्षरं

पडद्यावरची जपानी बाई पहिलं वाक्य बोलली. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या शालूनं ती वाचली आणि पत्र्याचा भोंगा तोंडाशी धरून सांगितलं, "बाई म्हनते, माहा नवरा समुद्रात गेला. आता त्याची होडी मले द्या."

"शूऽऽ!" बाल्कनीतून आवाज आला.

अकोल्यातल्या एका टॉकीजमध्ये रविवारचा सकाळचा खेळ. बासष्ट सालचा मार्च. परदेशातल्या एका मोठ्या बक्षिसासाठी निवडलेल्या पाच चित्रपटांत हा एक होता आणि निकाल चार दिवसांवर आला होता. शहरातल्या चित्रपट मंडळानं बाल्कनी धरली होती. खालचा भाग काही भरेना, म्हणून टॉकीजचे मालक शालिकराम यांनी टॉकीजची जाहिरात करणाऱ्या डोमाजीला हातगाडी, फलक आणि भोंगा देऊन तीन दिवस गावभर फिरवलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकाशी तिथं कामाला असलेल्या बायांनी त्याला अडवलं. "जपानी कोनाले समजते रे?" डोमाजीनं मालकाला न विचारताच सांगून टाकलं, "आपली शालू मास्तरीन सांगनार हाय. एकेक बोल सांगनार हाय."

शालूला हे शनिवारी कळलं. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. बौद्धांच्या वस्तीतली पहिली बी.ए. आधी ती डोमाजीवर चिडली. मग म्हणाली, "भोंगा आनजो."

आता खाली दीडशे बाया बसल्या होत्या आणि शालूचं चौथं वाक्य पुरं व्हायच्या आत वरून हुकूम आला, "दिवे लावा!"

खेळ थांबला. मंडळाचे अध्यक्ष नारायणराव वकील कठड्याशी उभे होते.

"अहो बाई, ही तमाशाची कनात नाही. जगातले जाणकार हा चित्रपट पारखताहेत. तो शांतपणे पाहायचा असतो. चांगल्या चित्राला भाषा लागत नाही, नुसतं पाहिलं तरी कळतं."

शालूनं भोंगा खाली केला. शाळेत बोलते तसं स्वच्छ बोलली.

"मग ती इंग्रजी अक्षरं झाकून टाकायची का, वकीलसाहेब? सगळेच नुसतं पाहू."

बाल्कनीतच कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं करून गप्प झालं. नारायणरावांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "शालिकराम, तो भोंगा काढून घ्या. नाहीतर मंडळ आत्ता उठेल, आणि पुन्हा तुमच्या टॉकीजची पायरी चढणार नाही."

शालिकराम यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग खुर्च्यांमधून वाट काढत शालूपाशी आले आणि हात पुढे केला. "द्या बाई. माह्या पोटावर नका येऊ."

डोमाजी मधे पडायला निघाला. शालूनं त्याला थांबवलं आणि भोंगा मालकाच्या हातात ठेवला.

"भोंगा तुमचा हाय," ती म्हणाली. "गळा माहा हाय. करा चालू."

दिवे गेले. शालू पुन्हा सांगू लागली. आवाज मधल्या रांगांपर्यंत पोचायचा आणि तिथंच विरायचा. मागून कुरकुर सुरू झाली तशी मधल्या रांगेतली पार्बताबाई उभी राहिली. जिनात यंत्राच्या घरघरीवर मात करून बोलायची तिला वीस वर्षांची सवय होती. शालूचं ऐकायचं, मागं वळायचं आणि पुढं ढकलायचं, असं तिनं चालवलं.

"गावचा पाटील म्हनते, उद्या ये," शालूनं सांगितलं.

"उद्या ये म्हनते मेला!" पार्बताबाईनं मागं पोचवलं.

वर खुर्च्या वाजल्या. नारायणराव उठले. त्यांच्यामागं चौघे उठले. बाकीचे बसून राहिले.

पडद्यावरची बाई दहा दारं फिरली. दहाही ठिकाणी तिला उद्या यायला सांगितलं. शेवटी ती किनाऱ्यावर गेली आणि साखळीनं बांधलेल्या त्या होडीत जाऊन बसली. पाटील आला. सारं गाव आलं. बाई हलली नाही. कितीतरी वेळ पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"सांग ना व, शालू," अंधारातून एकीनं विचारलं, "काय म्हनते?"

शालूचा घसा बसला होता. "काई म्हनत नाई," ती म्हणाली. "बसली हाय."

पार्बताबाई मागं वळली, पण तिला हे पोचवावं लागलं नाही.

खेळ सुटल्यावर शालिकराम स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन आले. शालू पाणी पिईपर्यंत ते तसेच उभे राहिले. "पुढच्या रविवारी येता का, बाई?" त्यांनी विचारलं. "भोंगा माह्याकडून."

गुरुवारी निकाल आला. बक्षीस दुसऱ्याच देशाच्या चित्रपटाला मिळालं. शालिकराम यांनी फलकावरची बक्षिसाची ओळ पुसायला लावली. डोमाजी दुपारच्या सुट्टीत हातगाडी घेऊन जिनाच्या फाटकाशी गेला आणि बायांना खरं ते सांगून टाकलं.

"काहून नाई भेटलं?" पार्बताबाईनं विचारलं. तिच्या केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते.

"मले काय ठाऊक? तिकडले मोठमोठे जानकार हायेत. त्यायनं पाह्यला, अन् नाई देल्लं."

पार्बताबाईनं भाकरीचा तुकडा मोडला.

"मंग त्यायले कोनी सांगतलाच नसन," ती म्हणाली.