बिनपंख्याचा कॉम्प्युटर

बाबांसाठी कॉम्प्युटर जोडायचा तर तो स्वस्त हवा आणि वर्षानुवर्षं टिकायला हवा, हे लेकीने आधीच ठरवलं होतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका जुन्या रिकाम्या डब्यात तिने कमी वीज खाणारा प्रोसेसर बसवला, तो थंड राहावा म्हणून वर ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा ठेवला आणि पंखा मुळी घातलाच नाही. आत काही हलणारच नाही, तर बिघडणार काय?

बाबा खूश होते. "मशीन झकास आहे," ते फोनवर म्हणाले. "पंख्याचा आवाज तेवढा येतो. पण सोबत वाटते."

"पंखा म्हटला की आवाज येणारच, बाबा," ती सवयीने बोलून गेली आणि फोन ठेवल्यावर तिने जीभ चावली.

दुपारी ती त्यांच्याकडे गेली. तिने प्लग काढला, डबा उघडला. आत सगळं तिने बसवलं होतं तसंच होतं. आवाज मात्र चालूच होता. संथ, लांबट, मध्ये जरा थांबून पुन्हा येणारा.

"हाच तो," बाबा म्हणाले.

"काहीतरी साधंच असणार. आत्ता शोधून काढते."

तिने ठोकळ्यावर तळहात धरला. हाताला उबदार वारा लागला, थांबला, पुन्हा लागला. नीट ऐकू यावं म्हणून तिने श्वास रोखून धरला.

डब्यातला आवाजही थांबला.

"माझ्याशीही असाच खेळतो," बाबा कौतुकाने म्हणाले. "आपण श्वास सोडेपर्यंत तोही सोडत नाही."