दोन सूर्यांचं ठिकाण

बाहेर जीपमधून चंपतनं दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तरी हणमंतराव खुर्चीवरून उठले नाहीत.

समोर कॉम्प्युटरच्या खेळात त्यांचं यान एका निळ्या ग्रहाभोवती फिरत होतं. ग्रहाला बर्फाची कडी होती. हणमंतरावांनी ती डोळे भरून पाहिली आणि यान पुढं काढलं.

"अवो, चाला ना," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. "बासरच्या घाटावर भटजी वाट पाहून राह्यले."

"आलोच. दोन सूर्य संगच मावळतात असं एक ठिकाण हाय यात. तेवढं सापडू दे."

"परवाही हेच म्हनलं तुमी. चंपतले रिकामं धाडलं."

"लाल दऱ्यांचं सापडलं. हे कड्यांचंही सापडलं. पण वनू म्हने, बाबा, सगळ्यात सुंदर ते दोन सूर्यांचं."

वनमाला हे सांगायची तेव्हा त्यांच्या हातात टाळ असायचे. 'कीर्तनाहून आलो की दाखव,' म्हणत ते देवळाची वाट धरायचे. परत येईस्तोवर पोर झोपलेली असायची. मग ताप मेंदूत चढला आणि दहावीतली ती पोर गेली. आता टाळ खुंटीवर होते, आणि तिच्या अस्थींचं गाडगं अंगणातल्या लिंबाला टांगलेलं होतं. दहाव्याच्या आत बासरला गोदावरीत, म्हणजे त्यांच्या गंगेत, सोडायचं ते. दहावा कधीच होऊन गेला होता.

देवळात आज काल्याचं कीर्तन होतं. लाऊडस्पीकरवर बुवा रंगात आले होते. यशोदा दारोदार कृष्णाला शोधत होती, आणि दर दारी गवळणी हसून सांगत होत्या, आमच्याकडं नाही आला गं बाई. ऐकणारी माणसं खदखदून हसत होती.

"ऐकून राह्यले?" कौशल्याबाईंनी विचारलं. "तुमच्याबिगर पयलाच सप्ताह हा."

हणमंतरावांनी यान आणखी पुढं दामटलं. पडद्यावर नुसता काळोख आणि ठिपके सरकत होते.

कौशल्याबाई अंगणात गेल्या. लिंबाखाली उभं राहून त्यांनी लाल फडक्याची गाठ सोडली आणि गाडगं पोटाशी धरलं. निघाले एकदाचे, असं वाटून चंपतनं जीप सुरू केली. पण त्या जीपकडं आल्याच नाहीत. घराकडं वळल्या.

"वहिनी!" चंपत ओरडला. "अवो, उंबऱ्याच्या आत नसते नेत ते!"

त्या थांबल्या नाहीत. त्यांनी गाडगं थेट कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवलं.

"तिले गंगेत सोडवत नाही ना तुमच्यानं? मंग घ्या. तिलेच संग घेऊन फिरा!"

हणमंतराव दचकून उभे राहिले. पायावर पाणी घेतल्याशिवाय जो कधी देवळाची पायरी चढला नव्हता, असा हा माणूस. आता हे घाबरतील, गाडगं उचलतील, अनवाणी जीपकडं पळतील, असं कौशल्याबाईंना वाटलं. त्या दाराच्या वाटेतून बाजूला सरकल्या. वाट मोकळी करून दिली.

हणमंतरावांनी गाडग्याकडं पाहिलं. फडक्याला लागलेला लिंबाचा वाळका पाला दोन बोटांनी हलकेच काढला. मग कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही हातांनी धरून जरासा गाडग्याकडं वळवला, आणि परत खुर्चीवर बसले.

"वनू," ते म्हणाले, "तूच सांग आता, माय. कोनीकडं वळवू?"

देवळात हंडी फुटली. पोरांनी एकच गलका केला.

कौशल्याबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. बाहेर चंपतनं जीप बंद केली.