दर्भाचा कावळा

जिवंतपणी ज्याच्या हाकेला आपण ओ दिली नाही, त्याला मृत्यूनंतर हाक मारण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिलेले नाही. ते ज्याचे त्याने द्यावयाचे असते, आणि बहुतेक जण ते न देताच आसनावरून उठतात.

शंकर नगरातल्या एका घरी, रविवारच्या दुपारी, जेवणाच्या टेबलावर प्रेत उठवण्याचा विधी चालला होता. प्रेत लाकडाचे होते, बोटाएवढे. भोवती बर्फाळ मुलखाचा नकाशा आणि पुष्कळ पैलूंचे रंगीत फासे. उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांचा मांत्रिक थडग्याच्या टेकाडावर बसतो, मृताला उठवतो आणि त्याच्याकडून सत्य वदवून घेतो, असा एक खेळ इरावती रचत होती. तिचा मित्र निरंजन मांत्रिक होऊन तो खेळून पाहत होता.

आरामखुर्चीतून तिचे आजोबा श्यामकांत हे सारे न्याहाळत होते. जन्मभर महाविद्यालयात संस्कृत शिकवलेला माणूस. त्यांचा तिरस्कारदेखील शुद्ध उच्चारात येई.

“संकल्प नाही, आचमन नाही, देशकालाचा उच्चार नाही,” ते म्हणाले. “मुडदा उठवायला निघालात आणि शेजारी चिवड्याची पुडी. हे प्रेत उठलंच, तर आधी चिवडा मागेल.”

निरंजन हसला. “दादाजी, आप ही कोई मंत्र लिख दो ना. असली लगेगा.”

“मंत्र? या बाहुल्यांसाठी? उद्या गंगोदकानं तुझी स्कूटर धुवायला सांगशील.”

इरावतीने मान वर केली नाही. आजीच्या दहाव्यापासून ती आजोबांशी कामापुरतेच बोलत असे.

निरंजनने फासा टाकला. सर्वांत मोठा आकडा पडला. “उठ गया मुर्दा!”

“नाही उठला,” इरावती म्हणाली. तिने टेकाडापाशी एक काळा लाकडी पक्षी ठेवला, त्याच्यापुढे पांढऱ्या मातीचा इवलासा घास. “त्यांच्या देवाजवळ डोमकावळे असतात, दुनियेची खबर आणणारे. तिथून पुढचा नियम माझा आहे. डोमकावळा घासाला शिवला तरच मुडदा बोलते. अन् तो फाशानं नाही शिवत. मेलेल्याचं काय राहून गेलं, ते ज्याच्यामुळे राहिलं त्यानं मोठ्यानं सांगायचं. मग शिवते.”

“वा! आमचा काकस्पर्श उचलायचा, बर्फात नेऊन ठेवायचा, आणि वर म्हणायचं, नियम माझा,” श्यामकांत म्हणाले. “उष्टी विद्या.”

निरंजन मात्र कंटाळला होता. “ऐसे तो शाम हो जाएगी, यार.” त्याने चिवड्याच्या पुडीचा तेलकट कागद फाडला, पीळ देऊन त्याला चोच काढली आणि ती घासाला टेकवली. “ले, छू दिया कौए ने.”

“हव, चालते तसंही. मुडदा उठते,” इरावती शांतपणे म्हणाली. “पण बोलत नाही. ज्यानं खोटा कावळा शिववला, त्याच्या मागे मागे फिरते. खेळ संपेपर्यंत.”

खारून नदीचा घाट श्यामकांतांच्या डोळ्यांपुढे आला. पिंड मांडलेला. पिंपळावर कावळे बसलेले, आणि एकही खाली उतरेना. एकेकाने हात जोडून मृतात्म्याला वचने दिली. इरावती केवळ आजोबांकडे पाहत राहिली होती. ऊन चढले, पाहुणे ताटकळले. तेव्हा श्यामकांतच गुरुजींना म्हणाले होते, “शास्त्रात सोय आहे.” मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला गेला आणि सगळे जेवायला गेले.

“तुझ्या खेळात सोय नाही म्हणायची,” ते आता म्हणाले. स्वर तुच्छतेचाच लावायचा होता, लागला नाही.

इरावतीने त्यांच्याकडे पाहिले. “सोय काहून ठेवू?”

निरंजनने आपला कागदी कावळा हळूच बशीखाली सरकवला.

श्यामकांत उठले, टेबलाशी खुर्ची ओढून बसले. “या लाकडाच्या तुकड्याला सांगायचं?”

“जो ऐकते त्याले.”

“विजयाला...” पत्नीचे नाव त्यांच्या तोंडून त्या घरात कोणी ऐकले नव्हते. “तुझ्या आजीला संस्कृत शिकायचं होतं. मी घरी पोरांना शिकवत असलो की ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. एकदा आत आली. म्हणाली, मले शिकवाल का? मी म्हणालो, आधी वरणाला फोडणी दे, विभक्ती मागाहून. पोरं हसली. मीही हसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही.”

इरावतीला हे नवे नव्हते. आजीनेच ते तिला सांगितले होते. घाटावर ती हेच ऐकायला थांबली होती.

तिने डोमकावळा त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्हीच शिववा.”

म्हाताऱ्या बोटाने पक्षी पुढे ढकलला. तो वाटेत एकदा आडवा पडला. उभा करून पुन्हा ढकलला. चोच घासाला लागली.

“आता मुडद्याला काय विचारतात तुझ्यात?” श्यामकांतांनी विचारले.

“काही नाही विचारत. गुमान बसायचं, आजोबा. आता डाव तिचा.”

तिघेही गुमान बसले.

ज्यांना उठवले त्यांना शांती मिळो, ज्यांनी उठवले त्यांना ऐकण्याचे बळ मिळो. आणि चिवड्याच्या कागदाचा कावळा करणाऱ्या त्या निरंजनाचेही कल्याणच होवो.