हिंदुरावांचा ताफा

"मिस्त्री, आज सरपंचपदाचा अर्ज भरायचाय. बॅटरी सारखी उतरतीया, तेवढी बघा," हिंदुराव माझ्या गॅरेजात शिरत म्हणाले. "काल बाजाराला निघालो, तर मोटरसायकलीमागं सतरा गाड्या! एकाचीही पुढं जायची छाती नाही. गाव मानतंय मला."

मी किल्ली फिरवली. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, तरी मागचा दिवा लालभडक. पेडलजवळच्या स्विचची वायर सुटी केली, तसा तो विझला. स्विच चिखलानं अडकला होता.

"हिंदुराव, तुमचा ब्रेकचा दिवा कायम पेटलेला असतोय. हा बाबा आता थांबणार म्हणून लोक बिचकून मागं रांगतात. त्यात एक वरात होती; पोचेपर्यंत नवरदेवाची दाढी वाढली म्हणे."

"चेष्टा पुरे," म्हणत त्यांनी नवा स्विच बसवून घेतला आणि ते तालुक्याला निघाले.

तासाभरात एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून परतले.

"सगळे भुर्रकन पुढं गेले. एक म्हैससुद्धा!"

"आणि अर्ज?"

"असा एकटा जाऊन भरू? उद्या शेवटची तारीख आहे." मग आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तो जुना स्विच टाकला नाही न्हवं?"