किरकोळ बिघाड

ती जनसंपर्क विभागात रुजू झाली त्याच दिवशी साहेबांनी तिला बजावलं होतं, "ज्यांना त्रास झाला, त्यांना निवेदन आधी वाचून दाखवायचं. जीभ अडखळली नाही, तरच छापायला द्यायचं." आज त्यांच्या कंपनीने बसवलेली लिफ्ट बंद पडून एक बाई तीन तास अंधारात अडकल्या होत्या. तिने निवेदनात सरळ लिहिलं, "आमची चूक झाली." मालकांच्या धाकाने साहेबांनी लाल पेनने ते खोडलं आणि वर लिहिलं, "किरकोळ बिघाड." "नोकरी टिकवायचीय ना? मुकाट्याने पाठव." पण ती हटली नाही. तिने त्या बाईंना फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. "आधी वाचून दाखवा, साहेब." साहेब वाचू लागले आणि 'किरकोळ'पाशी अडखळले. त्यांनी लाल पेन उचलून स्वतःचेच शब्द खोडले. "ताई, आमची चूक झाली."