सातवा चिंचोका

"सात?"

काशीरामने वाटी पुन्हा चटईवर उपडी केली आणि बोटाने एकेक चिंचोका बाजूला सारला. सातच.

समोर पितळेच्या पुंगळ्या मात्र सहा. भरून झालेल्या, तोंडाला मेण लावलेल्या, ओळीने उभ्या.

बारा बोअरच्या बंदुकीची काडतुसं तो घरीच भरायचा. वापरलेल्या पुंगळ्या पुसून पुन्हा भरायच्या, बापापासूनची रीत. पुंगळीत दारूचं एक माप ओतलं की वाटीत एक चिंचोका टाकायचा, मगच दुसरी पुंगळी हातात घ्यायची. बार भरताना बिडी नाही, बोलणं नाही. माणूस चुकेल, चिंचोका चुकत नाही, असं बाप म्हणायचा. आणि आज पुंगळ्या सहा नि चिंचोके सात. म्हणजे कुठल्या तरी एकीत दारू दोनदा गेली. कुठल्या, ते देवालाच ठाऊक. ती घालून चाप ओढला की नळी फुटायची, आणि नळीबरोबर तोंडही. मध्येच मुंबईहून मुलाचा, विनीतचा फोन आला होता. रेंजसाठी अंगणात जावं लागलं, तिथेच ध्यान उडालं असणार. या पोराला फोन करायला दुपारच सापडते!

पडवीच्या दुसऱ्या टोकाला तुळसा, त्याची बायको, विळीवर चिंच फोडत बसली होती.

"काय झालं वो?"

"काय नाय." त्याने पुंगळ्यांकडे बोट केलं. "एकीत डबल बार गेला."

"मंग आता?"

"आता काय, सगळ्या उपसायच्या. कपाळ माझं."

"ऱ्हावंदे की आजच्या दिस. एक रात मळ्यात नाय गेलात तर कलिंगडं काय पळून जात नाईत."

"कलिंगडं पळत नाय गो, डुकरं पळवतात. काल अर्धी सरी साफ केलीनी."

तुळसाने गाभुळलेली एक चिंच उगाच उलटसुलट केली. "परवा डुक्कर म्हणून शेजारच्या हौसावर नळी रोखलीत. बिचारी पंप बंद कराय आली व्हती."

"काळोख व्हता."

"तिच्या हातात बॅटरी व्हती. डुकराच्या हातात बॅटरी असते काय?"

काशीरामने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पहिली पुंगळी उचलली.

भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट उपसायला लागतो. मेण खरवडायचं, छर्रे दुसऱ्या वाटीत ओतायचे, मग टोच्याने दारूवरची पुठ्ठ्याची टिकली काढायची. विनीतच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून त्या टिकल्या केल्या होत्या. एकीवर सोनेरी अक्षरात 'चि.' तेवढं उरलं होतं. दारू कागदावर ओतायची आणि परत मापात घालून बघायची. पहिलीतली दारू मापाला बरोबर काठोकाठ. दुसरीतलीही तशीच. तिसरी उपसताना मनगट भरून आलं आणि तो भिंतीला टेकून बसला. पूर्वी एका बैठकीत वीस भरायचा. आता सहा भरायच्या नि सहा उपसायच्या, यातच दिवस कलला.

चौथी बरोबर निघाली. पाचवीही. म्हणजे सहावी. ती त्याने जपून उपसली, श्वास धरून. दारू मापात ओतली. काठोकाठ. एक चिमूट जास्त नाही की कमी नाही.

त्याने परत मोजून बघितलं. तेवढीच.

मग कुठे चुकलं? तो चिंचोके वाटीत गोळा करायला लागला आणि एक बोटाला चिकटून आला. झटकला तरी पडेना. त्याने तो उजेडात धरला. बापाच्या वेळचे सहा चिंचोके हाताळून हाताळून काळेभोर, गुळगुळीत झालेले होते. हा ताजा होता. चिंचेचा गर अजून त्याला लागलेला होता.

फोनवर बोलायला तो अंगणात गेला तेव्हा वाटी इथेच होती. तुळसाही इथेच होती.

रागाने त्याची कानशिलं तापली. चाळीस वर्षं हिच्यासमोर बार भरतोय, कधी एक माप इकडचं तिकडे झालं नाही, आणि ही बाई असला खेळ करते? तो ओरडणारच होता. पण ओरडता ओरडता थांबला. सात दिसले तेव्हाच 'मी चुकलेलो नाही' असं ठणकावून का नाही म्हणालो? दोनदा ओतल्याची आठवण नव्हती, हे खरं. पण एकदाच ओतलं, अशी शपथ घ्यायची वेळ आली असती तर तीही घेववली नसती. हौसाच्या बॅटरीचा उजेडसुद्धा त्याला नंतर, तुळसाने सांगितल्यावरच आठवला होता.

विळीचा आवाज कधीचा बंद होता. तुळसा खाली मान घालून बसली होती.

"घावली?" तिने वर न बघताच विचारलं.

"घावली," काशीराम म्हणाला. "शेवटच्या पुंगळीत डबल बार व्हता."

तुळसाने झटकन मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता, रिकाम्या पुंगळ्या पिशवीत भरत होता.

"उद्या पयल्या एस्टीने पोलीस ठाण्यात जाऊन बंदूक जमा करतो. डुकरांना डबे बडवून हाकलू. हौसाला सांग, बॅटरी घेऊन ये म्हणावं."

मग सातवा चिंचोका त्याने बनियनला पुसला, गर निघेपर्यंत पुसला, आणि बाकीच्या सहांबरोबर वाटीत ठेवला.